डॉक्टरीणबाईंची किंकाळी

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा हात कधी थरथरत नसे. अक्कलदाढ आडवी असो की तिरकी, मुळं हाडात कितीही रुतून बसलेली असोत, बाई मास्कच्या आड गुणगुणत ती काढून मोकळ्या होत. पेशंट डोळे घट्ट मिटून "सुरू करायच्या आधी सांगा हं" असं म्हणेपर्यंत त्याची दाढ ट्रेमध्ये पडलेली असे. रक्त, पू, लहान मुलांनी घेतलेले चावे, यांतल्या कशानेही बाई हलत नसत.

बाई हलत असत ते फक्त कोळ्याने.

मग तो नखाएवढा का असेना. कोळी दिसला की त्यांच्या घशातून असा काही आवाज निघे की तो आपलाच आहे यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास बसत नसे. एकदा गाडी चालवताना काचेच्या वरच्या, ऊन अडवायच्या झडपेमागून एक कोळी डोकावला, तर बाई भर रस्त्यात गाडी उभी करून, किल्ली तशीच ठेवून, चालत घरी गेल्या. घरी सांगितलं, पेट्रोल संपलं. नवरा डबा घेऊन गेला, टाकी अर्धी भरलेली पाहून गाडी घेऊन आला, आणि सुज्ञ माणूस असल्यामुळे त्याने पुढे काही विचारलं नाही.

खरं काय ते ठाऊक होतं मावशीला. मावशी म्हणजे दवाखान्यातली मदतनीस; चौदा वर्षं ती हत्यारं उकळवत होती, नंबर लावत होती आणि रडणाऱ्या मुलांपेक्षा जास्त त्यांच्या बापांची समजूत घालत होती. रोज सकाळी ती बाईंच्या आधी पोचायची. झाडू घेऊन कोपरे, बेसिनखालची जागा, एक्स-रे मशीनची मागची बाजू असं सगळं धुंडाळायची आणि जिन्यात थांबलेल्या बाईंना वरून ओरडून सांगायची, "या, कोणी नाही!" खालच्या मजल्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानदाराची तर खात्रीच होती, की बाई कोणा नातेवाइकाला चुकवतायत.

त्या दिवशी मात्र मावशीची चप्पल वाटेत तुटली. तिला उशीर झाला. आणि बाई आल्या तेव्हा दारात पहिला पेशंट आधीच उभा होता. खरं म्हणजे उभा केलेला होता, कारण त्याची बायको त्याचं मनगट धरून होती.

हे रफूवाले काका. बाजारामागच्या गल्लीत त्यांची एका खिडकीएवढी जागा होती. तिथे बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे कोट, शाली, लोकरीचे स्वेटर रफू केले होते. सिगारेटचं भोक असो की उंदराने कुरतडलेलं असो, काका त्याच कापडाच्या शिवणीतून धागे काढून ते असं भरत की मालकालाच नंतर भोक सापडत नसे. पण ही चाळीस वर्षं काकांनी धागा कात्रीने कधी तोडला नाही. दातानेच तोडला. त्यामुळे वरच्या पुढच्या दाताला करवतीने पाडावी तशी खाच पडली, खाचेची भेग झाली, भेग मुळापर्यंत गेली आणि ओठ सुजून नाकाला भेटायला निघाला.

आणि दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की काकांच्या पोटात गोळा यायचा.

याआधी ते तीनदा येऊन पळाले होते. पहिल्यांदा जिन्यातूनच. दुसऱ्यांदा बाहेरच्या बाकावरून, "इस्त्री चालू राहिली वाटतं" म्हणून. तिसऱ्यांदा तर खुर्चीत बसल्यावर, बाई हातमोजे घालायला वळल्या तेवढ्यात, गळ्यात रुमाल बांधलेला तसाच घेऊन. तो रुमाल त्यांनी दुसऱ्या दिवशी इमानदारीत परत पाठवला. त्याच्या कोपऱ्याला फाटलेलं होतं, ते रफू करून.

"आज मी दारातच बसते," काकूंनी जाहीर केलं. "यांना जायचं असेल तर माझ्यावरून जावं लागेल."

काकूंचा आकार पाहता ते सोपं नव्हतं.

काका खुर्चीत बसले. बाईंनी खुर्ची मागे झुकवली, दिवा लावला आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा काका. लांब श्वास घ्या. आधी फक्त बधिर करायचं आहे. मुंगी चावल्यासारखं होईल, बस्स."

काकांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि खुर्चीचे दोन्ही हात असे पकडले की रेक्झिन करकरलं. बाईंनी इंजेक्शन उचललं, दिवा जरा खाली ओढला.

दिव्याच्या मागच्या बाजूला कोणीतरी राहायला आलं होतं. दिवा हलला तशी ती मंडळी उठली आणि एका धाग्यावरून सावकाश, लिफ्टने उतरावं तशी, खाली आली. बाईंचं नाक आणि काकांचं उघडं तोंड यांच्या बरोबर मधोमध येऊन थांबली. आठ पाय, करडं पोट, पोटावर पिवळी नक्षी.

बाई किंचाळल्या.

ती किंकाळी खालच्या दुकानात ऐकू गेली. बाहेरच्या बाकावर कवळी घट्ट करून घ्यायला आलेले एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. डॉक्टरच जिथे असं ओरडतात तिथे आपला काय निभाव, असा विचार करून ते उठले ते कवळी मावशीच्या टेबलावर विसरून थेट घरी गेले. त्यांच्या शेजारची, दातांना तारा लावलेली मुलगी त्यांच्याही पुढे होती.

काकांनी डोळे उघडले. समोर डॉक्टर नव्हत्या. त्या चाकांच्या स्टुलावर उड्डाण करून बसल्या होत्या, आणि त्या धक्क्याने स्टूल घरंगळत पार कपाटाला जाऊन टेकलं होतं. इंजेक्शन अजून त्यांच्या हातात होतं, मशालीसारखं वर धरलेलं.

"इतका वाईट आहे?" काकांनी क्षीण आवाजात विचारलं.

"काय?"

"माझा दात."

तेवढ्यात काकू आत धावल्या. "काय केलंत तुम्ही त्यांना? चावलात का?"

"मी काही केलं नाही! मी नुसतं तोंड उघडलं!"

बाईंनी नुसती इंजेक्शनची सुई दिव्याकडे रोखली. काकांनी तिकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहराच पालटला. खुर्चीचे हात सोडून ते उठून बसले, खिशातून चष्मा काढून त्यांनी नाकावर चढवला.

"अरे वा," ते म्हणाले. "कारागीर आलाय."

इतक्यात मावशी तुटकी चप्पल हातात घेऊन पोचली. तिने एका नजरेत सगळं ओळखलं. "बाई, तुम्ही तिकडेच थांबा," असं म्हणून तिने चप्पल उगारली.

"खबरदार!" काका ओरडले. ज्या माणसाची पाच मिनिटांपूर्वी पाचावर धारण बसली होती तो आता गळ्यात रुमाल बांधून मावशी आणि कोळी यांच्या मध्ये हात पसरून उभा होता. "तिला हात लावायचा नाही. ही बाई आहे. पोट बघा, अंडी घालायला झालीय."

"मग तर आणखीच मारायला पाहिजे," मावशी म्हणाली.

स्टुलावरून एक कण्हणं ऐकू आलं.

काकांनी बोटाने अलगद तो धागा वरून तोडला. कोळी त्यांच्या बोटाला लोंबकळू लागला, पाय आखडून, वाटाण्यासारखा गोल होऊन. "घाबरलीय बिचारी. तुमची किंकाळी हिने अंगभर ऐकली असणार. हिला कान नसतात, धागा थरथरतो त्यावरून सगळं कळतं. डोळे आठ, पण उपयोग शून्य. माझ्यासारखंच, चष्म्याशिवाय आंधळी."

"काका," बाई कशाबशा म्हणाल्या, "तिला आधी बाहेर न्या. मग काय ते बोला."

"नेतो. पण हिच्याकडे बघता बघता माझ्या पोटातला गोळा गेला, हे सांगून ठेवतो. बायको साक्षीला आहे. आता ही गेली की तो परत येणार, आणि मीही गेलो समजा."

काकूंनी दारातली जागा पुन्हा पक्की केली. "डॉक्टरबाई, चौथ्यांदा पळाले तर हे पुन्हा सापडायचे नाहीत. काहीतरी तोड काढा."

तोड मावशीने काढली. खिडकी उघडायची, कोळी बाहेरच्या गजांवर सोडायचा, आणि काच लावून घ्यायची. खुर्ची खिडकीकडे फिरवायची. काकांना दिसेल, बाईंपर्यंत येणार नाही. बाईंनी काचेची जाडी विचारली. मावशी तोवर खिडकी उघडायला गेली होती.

तसं झालं. बाई स्टुलावरून उतरल्या, हात धुतले, नवी सुई घेतली. हातांना सवयीने आपापलं काम आठवलं. इंजेक्शन देऊन झालं तरी काकांनी डोळाही मिटला नव्हता. ते काचेबाहेर बघत होते.

"दहा मिनिटं थांबायचं," बाई म्हणाल्या. "बधिर व्हायला."

दहा मिनिटं फार असतात. काका खुर्चीत, काकू दारात, मावशी झाडूला टेकून, आणि बाई कपाटाजवळ, एक डोळा काचेवर ठेवून. बाहेर ती गजांवरून चालायला लागली होती.

"बघा, पहिला धागा वाऱ्यावर सोडला. चिकटला पलीकडे. आता त्यावरून जाऊन तो पक्का करणार. मग मधून बाहेर असे उभे धागे, चाकाच्या आऱ्यांसारखे. मग गोल गोल आडवे. मीसुद्धा हेच करतो हो, आधी उभे भरायचे, मग आडवे. फक्त मला भोक कोणीतरी आणून द्यावं लागतं, ही हवेतलं भोक भरते." काका खुशीत आले होते. "आणि जुनं झालं की खाऊन टाकते. पोटात घालते आणि त्याचाच पुन्हा धागा. तुम्ही झाडूने काढता ना कोपऱ्यातून, ते सोडून दिलेलं घर असतं, धूळ बसलेलं. अशी ताजी चीज तुम्ही कधी बघितलीच नसेल."

"बघायची कशाला?" बाई म्हणाल्या. "मला तिची घाण नाही वाटत, काका. चावेल असंही नाही. पण ती आता आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल ते कळत नाही. त्या पायांचा काही नेमच नाही."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "मला तुमच्या सुईचं अगदी असंच होतं. तोंडात जाते इथपर्यंत दिसतं. पुढे कुठे जाते?"

बाईंना यावर हसू आलं, आणि आलं म्हणून आश्चर्यही वाटलं.

"कधीपासून हो हे?" काकूंनी विचारलं. "यांचं मला माहितेय. यांचा थोरला भाऊ लहानपणी दात काढून आला, तोंडाला रक्ताचा रुमाल. यांना म्हणाला, डॉक्टर छातीवर गुडघा ठेवून काढतो. पुढे कळलं, की तो डॉक्टरकडे गेलाच नव्हता, कुंपणावरून पडला होता. पण तोवर हे बसलं ते बसलंच."

"मी चार वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "आई स्वयंपाकघरात होती. भिंतीवर हाताएवढा कोळी होता. आई अशी ओरडली, अशी ओरडली, की मी तिथेच थिजले. तेव्हापासून."

"म्हणजे आईही घाबरतात," काका म्हणाले.

"प्रचंड. अजून."

"विचारा ना त्यांना एकदा," काकू म्हणाल्या. "दहा मिनिटं आहेतच."

बाईंनी का कोण जाणे, फोन लावायला सांगितला, आणि हातमोजे खराब होऊ नयेत म्हणून मावशीने तो लावून स्पीकरवर टाकून धरला.

"आई, तुला आठवतं? मी चार वर्षांची असताना स्वयंपाकघरात कोळी निघाला होता, आणि तू केवढी ओरडली होतीस?"

"कोळी?" पलीकडून आवाज आला. "कुठला कोळी?"

"भिंतीवरचा! एवढा मोठा!"

"मला नाही बाई आठवत कोळी-बिळी. ओरडले होते ते उकळतं दूध पायावर सांडलं म्हणून. डाग अजून आहे बघ पायावर. तू दारात भिंतीकडे बोट दाखवून भोकाड पसरलंस. मला वाटलं, पोर माझ्यासाठी रडतेय."

मावशीने फोन धरलेला हात जरा लांब केला, कारण तिचे खांदे हलत होते.

"मग तू कोळ्याला एवढी का घाबरतेस?" बाईंनी विचारलं.

"घाबरू नको तर काय करू? तू लहानपणी कोळी दिसला की अशी काही किंचाळायचीस, की मला वाटलं, पोरीला काहीतरी कळतंय जे मला कळत नाही. घेतलं मग मीही मनावर. बरं, जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. अडतीस वर्षं. सोडलेल्या गाड्या, रद्द केलेल्या सहली, जिन्यात उभं राहून काढलेल्या सकाळी, आणि हे सगळं पातेलंभर दुधामुळे. आता आपली भीती जाईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी धीर करून खिडकीकडे पाहिलं. पोटात जे व्हायचं ते झालंच. फक्त आता त्यांना त्या पोटाचाच राग आला.

"वघा," काका अचानक म्हणाले. "आता फिवळा फट्टा... फट्टा दिसतोय फोटावरचा..."

काकांची बोबडी वळली होती. बधिर झालं होतं.

"चला," बाई म्हणाल्या आणि चिमटा उचलला.

अडचण एवढीच निघाली, की दात काढायला त्यांना खिडकीकडे पाठ करून उभं राहावं लागत होतं. दिसणारा कोळी परवडला, पाठीमागचा नाही. त्या दोनदा उभ्या राहिल्या, दोनदा गर्रकन वळल्या. शेवटी मावशी खिडकीला टेकून उभी राहिली आणि तिथून बातम्या देऊ लागली. "मधेच आहे. गोल फिरतेय. अजून फिरतेय. बाई, तुम्ही बघा तिकडे, मी आहे." काका मात्र मावशीच्या कमरेवरून मान ताणून जाळं बघायची धडपड करत होते, आणि बाई त्यांचं डोकं पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. अशा त्या ओढाताणीत दात केव्हा निघाला ते दोघांनाही कळलं नाही. दाताच्या टोकाची खाच इतकी गुळगुळीत होती, की बाईंनी तो दिव्यापुढे धरून पाहिला.

हिरडीला दोन टाके घालावे लागले. काकांनी लगेच आरसा मागितला. तोंड वेडंवाकडं करत त्यांनी ते टाके कितीतरी वेळ निरखले आणि खांदे उडवले.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"गच्च आहेत. फण सुवक नाहीत."

बाईंच्या हाताला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्या एवढ्या चिडल्या, की खिडकीशी जाऊन, काचेपासून वीतभर अंतरावरून, त्यांनी बाहेरचं जाळं पाहिलं. ते पूर्ण झालं होतं. प्रत्येक धागा दुसऱ्यापासून अगदी तेवढ्याच अंतरावर, आणि मधोमध ती, पाय जोडून, खाली डोकं करून. बाईंनी आपले टाके आठवले. मग त्या मागे येऊन हात धुवायला लागल्या.

आठवड्याने काका टाके काढायला एकटे आले. काकूंना दुकानात बसवून. गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री होती. बाईंची सक्त ताकीद होती. तोपर्यंत दवाखान्यात बरंच काही घडलं होतं. पोस्टमास्तर कवळी न्यायला आले होते, तेव्हा मावशीने त्यांना खिडकीशी नेऊन सगळा प्रकार सांगितला होता. त्यांनी तो घट्ट केलेल्या कवळीने सगळीकडे पसरवला, आणि लोक दुखत नसलेले दात दाखवायला येऊ लागले. बाईंची पार गोची झाली. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. खुर्चीत बसलेला पेशंट हल्ली त्यांना घाबरत नव्हता. "तुम्हीसुद्धा घाबरता ना?" असं तो मायेने विचारायचा आणि आपणहून तोंड उघडायचा.

पुढे गजाच्या कोपऱ्यात कापसाच्या बोंडासारखी एक पिवळसर पुडी दिसू लागली. काका रफूचा कोट पोचवायला त्या बाजूला आले होते, त्यांनी ती ओळखली.

"अंडी," ते म्हणाले.

"किती असतील?" बाईंनी विचारलं.

"शे-दीडशे. जास्तच."

बाई स्टुलावर बसल्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "त्या खिडकीची फट आजच बुजवून घ्या." फट बुजवली गेली. पुडीला मात्र कोणी हात लावला नाही. लावू नका, असं बाईंनीच बजावलं, आणि आपण असं का म्हणालो म्हणून दिवसभर स्वतःवरच वैतागल्या.

एका उन्हाच्या दुपारी ती पुडी फुटली. बाई एका शिक्षिकेच्या दाढेत सिमेंट भरत होत्या. मावशीने हाक मारली तशा त्या, आणि गालात कापूस घेऊन शिक्षिकाही, खिडकीशी आल्या. गजांवर टाचणीच्या डोक्याएवढे पिवळे ठिपके चढत होते. टोकाला पोचला की एकेक ठिपका पोट वर करी, एक धागा वाऱ्यात सोडी, आणि उडून जाई. समोरच्या गच्चीवर, झाडांवर, कुठे कुठे. उन्हात ते धागे क्षणभर चमकत.

"नीट दिसत नाहीये," बाई म्हणाल्या, आणि खिडकी उघडली.

मावशीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाईंनाही आपण काय केलं ते तेव्हाच कळलं, कारण वाऱ्याची एक झुळूक आत आली आणि त्यांच्या पांढऱ्या बाहीवर एक पिवळा ठिपका उतरला. तो चालायला लागला.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडायला श्वास लागतो, आणि तो कुठे गेला होता ते त्यांना सापडत नव्हतं. त्यांनी डोळे गच्च मिटले, हात खांद्यापर्यंत खिडकीबाहेर काढला आणि तसाच धरून ठेवला. खाली रस्त्यावरच्या एका माणसाला वाटलं, आपल्यालाच हात केलाय, म्हणून त्यानेही हात हलवला. वह्या-पेनांचा दुकानदार बाहेर येऊन वर बघू लागला.

"गेलं का?" बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"केव्हाच गेलं," मावशी म्हणाली. "आता हात आत घ्या. लोक बघतायत, आणि यांच्या दाढेतलं सिमेंट सुकायला लागलंय."